बायकोकडची बाजू

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आपले मास्तर, आणि हातातली कामं टाकून आलेल्या गॅरेजवाल्या बंधुभगिनींनो,

मी पेंटर. हातात स्प्रेगन असली की मी बरा. माइक दिला की तोही स्प्रेगनसारखाच धरतो. मास्तरांच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसतेय, ती चुकून राहिलेली नाही. तिचं पुढे सांगतो.

जुन्या मोटारींच्या छताला आतून नवं अस्तर लावायचं, हे मास्तरांचं काम. ऐकायला सोपं वाटतं, नाही का? कापडाला आडवे नेफे शिवायचे, त्यांत कमानदार सळ्या ओवायच्या, त्या छताला अडकवायच्या आणि मधून सुरुवात करून कडेपर्यंत कापड ताणत न्यायचं. सगळं मान वर करून. त्यात आत झोपताना कधी डोकं पुढे, कधी पाय पुढे. डावं-उजवं बदलत राहतं. म्हणून त्यांच्या दुकानात डावं-उजवं म्हणायला बंदी. एक 'ड्रायव्हरकडची' बाजू, दुसरी 'बायकोकडची'. अविवाहित गिऱ्हाइकांनी उगाच आशा धरू नये!

हा कायदा वहिनींचा, म्हणजे मास्तरांच्या पत्नीचा. एकदा मापं उलटी कळली, अख्खं अस्तर वाया गेलं, तेव्हा त्यांनी तो केला. कारण मास्तर गाडीतून मापं ओरडायचे आणि बाहेर मशीनवर शिवायच्या त्या. आजवरचं एकूण एक अस्तर वहिनींनी शिवलंय. पण बसवायला त्या कधी गाडीत शिरल्या नाहीत. "मीही हात लावते," म्हटलं की मास्तरांचं ठरलेलं उत्तर, "आत दोघांना जागा नाही." गिऱ्हाइकं कौतुक करायची ते मास्तरांचं. अस्तर कुठे तिरकं दिसलं, तर मास्तर दोष द्यायचे वहिनींच्या शिवणीला. वहिनी तोवर मशीनला तेल घालत असायच्या.

पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंची गाडी ही मास्तरांची निवृत्तीआधीची शेवटची. बाईंच्या वडिलांची गाडी, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या. काम अर्ध्यावर आलं आणि मास्तरांचा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. सळ्या अडकवलेल्या, कापड लोंबतंय. मी म्हटलं, "दुसरा कारागीर बोलावू या." ते दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. आयुष्यभराच्या कामाचा शेवट असा अर्धवट व्हावा? खरं सांगतो, मला त्यांच्याकडे बघवेना.

वहिनी उठल्या. साबणाने हात धुतले, चपला काढल्या आणि गाडीत शिरल्या.

"बोला आता, कुठून ओढू?"

"मधून. हळू ओढ, झेपेल ना?"

"इतकी वर्षं तुमचा संसार ओढलाय, हे तर कापड आहे."

मग मास्तर दारातून सांगतायत, वहिनी ताणतायत, चिकटवतायत. मध्येच आतून आवाज आला, "म्हणजे माझी शिवण तिरकी नव्हतीच! ओढताना तुम्हीच तिरकी करत होता!" मला हसू आवरेना, मी आपला रंग ढवळायला निघून गेलो.

परत आलो तर सीटा काढलेल्या गाडीत दोघंही उताणी पडून छताकडे बघतायत. अस्तर छान ताणून बसलेलं. फक्त बायकोकडच्या कोपऱ्यात एक बारीकशी सुरकुती.

"सुरकुती राहिली," मास्तर म्हणाले.

"वाफ दिली की जाईल. तुमच्या कपाळावरची नाही जायची."

मग मास्तर हळूच म्हणाले, "जागा होती की गं."

आज सकाळी मला त्यांचा फोन आला. "दोन खुर्च्या मांड. नाहीतर मी येत नाही." दुसरी कुठल्या बाजूला, हे मला विचारावं लागलं नाही. वहिनी, शेवटच्या रांगेत खांबाआड बसलात तरी दिसताय. या वर.

अध्यक्षांचे, बाईंचे आणि माझं एवढं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कुठे सुरकुती राहिली असेल, तर मोठ्या मनाने तेवढी वाफ द्या.

आणि टाळ्या इतक्यात थांबवू नका हो. वहिनी अजून अर्ध्या वाटेतच आहेत.