बाबांचा काळा साप

हॅलो? … हो, मीच. बोल… अगं, दम घे आधी. धावत आलीस की काय?

काय दिसलं? … काळा? काळा म्हणजे कसा, बिनपट्ट्यांचा? … शपथ घे.

थांब, थांब. बाबांच्या खोलीतच आहे मी, सूप भरवत होते… बाबा, धाकटीचा फोन आहे. फिरायला गेली होती, तिला तुमचा काळा साप दिसला… अगं, उठून बसले बघ. चार महिन्यांत पहिल्यांदा.

हो, हो… विचारते ना. हनुवटी पांढरी होती का, विचारताहेत… तीही काळी? हो बाबा, तीही काळी. तुमच्या चित्रात आहे तश्शी.

नाही गं, रडत नाहीयेत… बरं, रडताहेत. रडू दे. बेचाळीस वर्षं अख्ख्या शाळेनं चिडवलं, मास्तरांनी घरी बसून साप रंगवला म्हणे. त्या एका चित्राशिवाय दाखवायला होतं काय त्यांच्याकडे? जनावराला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम.

फोटो काढलास ना? … घरी घेऊन आलीस? बादलीत? अगं वेडे, चावला असता म्हणजे… काठीनं उचलला तरी हलला नाही?

बाबा म्हणताहेत, त्यांचाही असाच होता. तासभर चित्र काढू दिलं त्यानं. फार शांत जात आहे म्हणे…

सापडला कुठे पण? … हो हो, रस्तेवाल्यांचं गोदाम, मागची बाजू. बाबांनाही तिथेच…

काय चिकट आहे? … बोटाला? … मग पूस की. चिंधी घे, तेल घे थोडं… हो, धरते मी फोन.

…

हं? … काय निघतंय? … डांबर?

आणि खाली? … चौकडी. तपकिरी… म्हणजे आपला ओढ्यातला साधा पाणसाप.

नाही, तू नाही, मीच मोठ्यानं बोलले. ऐकलं त्यांनी.

अगं, त्यांनी चमचा बाजूला सारला… थांब, सांगताहेत काहीतरी. तेल कोमट करून घे. डोक्याकडून शेपटीकडे पूस, उलटं नको, खवले उचकटतात. नाकपुड्या आधी मोकळ्या कर… हो, सावकाश.

श्वास चालू आहे का त्याचा? … अगदी थोडा? … सांगते.

अगं, ते भलतंच बोलायला लागले… म्हणताहेत, माझा तो साप पळत नव्हता, कारण त्याला पळताच येत नव्हतं. आणि मी समोर बसून तासभर पेन्सिलींना टोक काढत होतो… मग जेवायची वेळ झाली म्हणून घरी आलो…

तूच सांग काहीतरी… नाही, ऐक ना, माझा हात घट्ट धरलाय त्यांनी. एकच विचारताहेत, तो नंतर सुटला असेल का?

हॅलो? … धाकटे, फोन ठेवू नकोस… हॅलो?