नुसतं चित्र

नाही हो मालक, ही नको. ही तीन टोकांची झाली — पिवळं चित्राचं आणि लाल-पांढरं आवाजाचं, तेवढं कळतं मला. मला नुसत्या पिवळ्याची द्या. आवाज नकोच आहे. कॅमेऱ्यापासून टीव्हीपर्यंत एकच वायर, लांब आणि जरा बारीक — दाराखालून गेली पाहिजे, दार नीट लागलं पाहिजे. एचडीएमआय? ते भोक टीव्हीला आहे, पण कॅमेरा पडला जुना, त्याला कुठून आणू? तुम्ही आपली चांगल्यातली साधी वायर काढा. सकाळपासून चित्र अडकलंय, म्हणून तसाच उठून आलो.

छे छे, चोराबिरासाठी नाही. चोर येऊन नेणार काय आमच्याकडून? आईसाठी लावलाय. ती आतल्या खोलीत, अंथरुणाला खिळलेली, आणि मी बाहेरच्या खोलीत टीव्हीवर तिला बघत बसतो — हसा, हसा, बायको असती तर तीही हसली असती. हो, मधे एक भिंतच आहे. मग उठून आत का जात नाही, असंच ना? सगळे हेच विचारतात. बहीण तर फोनवर म्हणाली, तुला किळस येते आईची. किळस? अहो, लहान मुलासारखं सगळं केलंय मी तिचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

काय झालंय, मी दिसायला वडिलांवर गेलोय. नाक, कपाळ, चालसुद्धा. आणि वडील — आता गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं — पण हात फार चालायचा त्यांचा. ते गेले तेव्हा शेजारणी एकमेकींत म्हणाल्या, सुंठीवाचून खोकला गेला. मलाही तसंच वाटलं होतं. पण आईचं डोकं गेलं आणि ते परत आले. मी आत गेलो की ती दोन्ही हात तोंडावर धरते — असे — आणि म्हणते, "नका हो मारू, पोरगं उठेल." पोरगं म्हणजे मीच! मी मिशी काढून पाहिली, अनवाणी जाऊन पाहिलं, दारातूनच "आई, मी गं" म्हणून पाहिलं. उपयोग शून्य. मी पाणी पाजायला वाकलो तरी तिला मारच दिसतो. म्हणून मग कामाला बाई ठेवली, ती आत, मी बाहेर. पहिल्यांदा आवाजाची टोकंही जोडली होती. उपटून टाकली. चित्र सोसतं हो, आवाज सोसत नाही.

बाई? ती काल दुपारीच गेली, तिच्या मुलीचे दिवस भरलेत, उद्या येते म्हणाली. नाही, दुसरी कोण येणार? मीच गेलो ना रात्री दूध घेऊन. पण तिनं इतका आकांत केला, इतका — पलंगाच्या कडेला सरकत सरकत — की मी कप उशाशी ठेवला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. तिची भीती जावी म्हणूनच. दुसरं काय करायला हवं होतं, सांगा ना तुम्ही?

तर वायर. जुनी वायर खराब झाली की मुंग्या येतात, म्हणता? मुंग्या नाहीत. पट्टेही नाहीत, रंगही जागेवर. अडकलंय म्हणजे — आई हलत नाही. झोपलेलं माणूससुद्धा कूस वळतं की नाही? आणि ती तर झोपेतही हात तोंडावर नेते. आज हात खाली पडलेत, मोकळे. तासन्‌तास तसेच. म्हणजे चित्रच थांबलं ना? दारापर्यंत गेलो होतो मी, नाही असं नाही. कडीला हातही लावला. पण आत इतकं शांत होतं — किती दिवसांनी इतकं शांत — म्हटलं, कशाला आत जाऊन तिला घाबरवा?

बाकी चित्राला नाव ठेवायला जागा नाही. एवढं स्वच्छ की गालावरची माशी दिसते. आत्ता निघताना बघितलं ना — गालावर बसली, मग ओठावर गेली, तिथून डोळ्याच्या कोपऱ्याशी, आरामात फिरत होती. माशीचे पायसुद्धा...

काय झालं?

असं काय बघताय माझ्याकडे? खुर्ची कशाला पुढे करताय? मला बसायचं नाहीये. फोन ठेवा तो, कुणाला लावताय? मालक, मी तुम्हाला वायर मागितली. वायरच खराब आहे. तुम्ही फक्त वायर द्या.