गुरम्माच्या शिव्यांची सीडी

न्हाई, आधी वळखून दाव मलप्पा, ह्याचा शेवट काय झाला असंल — वळखलास तर च्या माज्याकडून. न्हाई वळखायला यायचं तुला. आरं, सीडी तूच भरून दिली हुतीस की, ह्याच दुकानात. आमच्या बायकूच्या, गुरम्माच्या नरड्याचं आपरेशन व्हायचं, डाक्टर म्हनला आवाज जाईल, म्हनून लेक तारामती तिला घिऊन आली — आन ही बया माईकम्होरं मुकीच. लाजली. मग मी हळूच तिच्या भावाची नक्कल केली — अशी सुटली, अर्धा घंटा नुस्त्या शिव्या, तुला बी दोन बसल्या. हास, हास.

आवाज गेला. पन मी खोडी काढली की ती सीडी लावायची आन माज्याकडं बोट करून उभी राहायची. लई झ्याक चाललं हुतं. तू म्हनला हुतास, दोन काढा, एक लेकीकडं ठिवा — मी म्हनलं, ह्यो धंदा वाढवून राहिला. मग सीडी लावायची मशीन बिगडली, दुरुस्तीला दिली, तवर सीडी जपावी म्हनलं. आमी बियानं कसं ठिवतो? राखंत घोळून, लिंबाचा पाला घालून, धान्याच्या कनगीत. औंदा दुस्काळानं कनगी रिकामीच — तशीच ठिवली. चांगली राख चोळून. मान काय हालवून राहिलास? कीड न्हाई लागली तिला. नुस्ती चांदी सुटली, पापुद्र्यावानी.

गुरम्माला वाटलं, मीच लपवली. हात पसरून हसायची — दे म्हनून. म्या शपत घेतली तर आनखी हसली, माज्या शपतंवर कोन इस्वास ठिवतंय. मग एक दिस तिनं ती सीडी कनगीतनं काढून उजेडाला धरली, आरपार दिसलं — आन जाऊन चुलीपाशी बसली.

आता तारामतीच्या मोबाईलात येवढंसं घावलंय — ‘भाकर गार झाली, मुडद्या’. कशात ठिवू सांग. सीडीत, पेनडराईवात, का त्या हारडिक्सच्या डबड्यात? सगळ्यात? येगयेगळ्या घरी? आन वरसा-दोन वरसानं लावून बगायचं, बिगडायच्या आत नव्यात उतरवायचं — मी काय तवर बसून राहनार हाय? तारामती बगंल म्हनतोस? बरं. टाक.

भाईर बग, उदगीर जिल्हा होनार म्हनून पेढे वाटून राहिलेत, हितं घागरभर पानी न्हाई. काल म्हनलं, हिला जरा चिडवावं, आवाज नसला तरी हातवारे तर करंल. टँकर यायच्या टायमाला चपला लपवल्या तिच्या. शोधल्या बी न्हाईत रं तिनं. माज्याकडं बगितलं सुदिक न्हाई.

जा, तू तुजं काम कर. मला मलम घिऊन जायचंय — घागर घिऊन अनवानी गेली ती, भर उन्हाची, डांबरावरनं. दोनी तळवं सोलून आली.