न धुतलेली वाकळ

आशाबाई : धुतली म्हंजी? पाण्यात घातली?

मंजुषा : लाँड्रीत दिली होती, आशाबाई. औरंगपुऱ्यात आपल्या ऑफिसखालीच दुकान आहे. उद्या अकराला ग्रँटवाले पाहुणे येणार, फोटो काढणार. वाकळीला कुबट वास येत होता. मला वाटलं, जरा स्वच्छ दिसेल.

आशाबाई : मला इचारावं वाटलं नाय?

मंजुषा : तुम्हीच मंगळवारी दिलीत ना माझ्याकडं.

आशाबाई : मापं घ्यायला दिली व्हती. बस आता, उभी नको राहू. म्याबी चुकले. तू येऊन आठ महिने झाले, पण हे तुला सांगितलंच नाय. वाकळ शिवणाऱ्या आमच्या समद्या बायांना ठावं, म्हणून तोंडातून निघालंच नाय. माझा मालक एड्सनं गेला, तवा दिरांनी त्याचे कपडे चिमट्यानं उचलले. फिनेलात बुडवले अन् मग जाळले. त्याचा हात लागलेलं घरात काय उरलं नाय. म्हणून वाकळ सुरू केली तवाच ठरवलं, ह्या बिमारीनं गेलेल्याचं कापड न धुता लावायचं. अंगावरून उतरलं तसं. त्रेचाळीस माणसं हायेत त्यात.

मंजुषा : मी ग्रँटच्या अर्जात लिहिलंय, 'जुन्या कपड्यांचे तुकडे'.

आशाबाई : लिव्हलं असशील.

मंजुषा : चुकलं माझं. पाहुणे गेले की एकेकीच्या घरी जाऊन मी माफी मागते. पण उद्याचा दिवस निभावू द्या. जगभर अशी कापडं शिवून माणसांची आठवण ठेवतात, हे पाहुणे त्यातल्याच एका संस्थेचे आहेत. ग्रँट मिळाली तर तीन वर्षं हे काम मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत नेता येईल. अजिंठ्याकडच्या गावांत बाया अजून लपून एचआयव्हीच्या गोळ्या खातात, हे तुम्हीच सांगता.

आशाबाई : व्हय, म्याच सांगते. गोठ्यात झोपवत्यात सुनांना. मलाबी पायजे ती ग्रँट. पण आज वार कोणता?

मंजुषा : शुक्रवार.

आशाबाई : जमिला येईल.

मंजुषा : उद्याच्या भाषणाची तयारी करायला?

आशाबाई : तयारी कशाची. सहा वर्षं झाली, दर शुक्रवारी येती. तिची पोर आमरीन गेली तवा एकोणीस वर्षांची व्हती. जन्मापासूनच बिमारी. हा पिवळ्या ओढणीचा तुकडा तिचा. जमिला येती, दार लोटून घेती अन् त्या तुकड्यात तोंड खुपसून बसती. कधी धा मिनटं, कधी अर्धा तास. पोरीचा वास व्हता त्याला.

मंजुषा : सहा वर्षं टिकला?

आशाबाई : तिला येत व्हता. आवळ्याच्या तेलाचा, घामाचा, शेवटच्या तापाचा. एकदा म्या फटीतून पाह्यलं, तर पोरीशी बोलत व्हती. आज भाजीत मीठ जास्त झालं, तुझ्या भावाला, वासिफला नोकरी लागली, असलंच. अन् मधीच गप व्हायची, कुणी जबाब देत असल्यावाणी. मला काय ऐकू आलं नाय. पण म्या मागल्या पावली फिरले. तवापासून त्या वक्ताला म्या खोलीत पाय ठेवत नाय.

मंजुषा : मी आवळ्याचं तेल आणते. कोपऱ्यावर मिळेल. दोन थेंब लावू, उद्यापुरते.

आशाबाई : आईला फसवशील?

मंजुषा : त्या बोलल्या नाहीत तर पाहुण्यांना काय सांगायचं आपण?

आशाबाई : तू पिशवी उघडली, साबणाचा वास आला, तवा माझ्याबी मनात पहिलं तेच आलं बघ. तेलाची बाटली फळीवरच हाय. पण हात धजला नाय.

(बाहेर चपला काढल्याचा आवाज.)

जमिला : आशाबाई, हाय का घरात? अरे, मंजुषाबी हाय. बरं झालं. रात्रभर पाठ करत होते मी. वासिफ म्हणतो, अम्मी, रडू नक्को, सीधं बोल. तुम्ही दोघी अशा का बसल्या?

आशाबाई : बस, जमिला.

जमिला : बसते. पहले वाकळ द्या.

मंजुषा : जमिलाआपा, मी ती धुवायला दिली होती. मला माहीत नव्हतं. आशाबाईंचा दोष नाही यात.

जमिला : आण इकडं.

मंजुषा : आपा, माफ करा.

जमिला : आण म्हणते ना.

आशाबाई : जमिला. तोंड वर कर, बाई. किती येळ झाला.

जमिला : थांबा. खालच्या शिवणीत बघते. तिथं कधी पाणी पोचत नाय.

आशाबाई : जमिला.

जमिला : नाय. तिथंबी साबणच.

मंजुषा : उद्या येऊ नका, आपा. पाहुण्यांना मी खरं काय झालं ते सांगते. ग्रँट गेली तर जाऊ दे.

जमिला : तुझ्यावर राग हाय माझा, पोरी. लई हाय. पण तो नंतर. आशाबाई, सहा साल लोक मला सांगतात, सबर कर, आमरीन गेली. तिला आखरी आंघोळ मीच घातली, माझ्या हातानं. तरी मला वाटायचं नाय ती गेली म्हणून. शुक्रवारी भेटत होती ना. आज गेली ती.

आशाबाई : व्हय गं.

जमिला : पाहुण्यांना तीन दिवस थांबता येईल का, विचार, मंजुषा. त्यांच्यासमोर बोलेन मी. तीन दिवसांचा शोक झाल्यावर.

मंजुषा : आत्ताच फोन करते.

जमिला : अन् आशाबाई, आज माझ्या घरी चूल नाय पेटायची. वासिफ कामावरून भुकेला येईल. तुमच्याकडून डबा पाठवा.