लिंबावरचं लेकरू

मंडळी, एक विचारतो. देवळात बसलाय, खोटं बोलू नका! फुलपाखरू कोणाकोणाला आवडतं? वा, सगळे हात वर! आणि अळी? ...अहो, तबलजीबुवांनीसुद्धा हात खाली घेतला! पण अळी म्हणजे फुलपाखराचं लेकरूच की! मग आईला पाट आणि लेकराला चप्पल — हा कुठला न्याय?

ऐका तर. हिंगणवाडीत रामलिंगअप्पा राहायचे. बागेचं भारी वेड! झेंडू लावला, शेवंती लावली — का, तर अंगणात फुलपाखरं यावीत! पण ती जायची कुठं? कुंपणापलीकडं, शिदूमामाकडं! हा शिदूमामा महाआळशी. झाडाला पाणी घालायचा कंटाळा, तो फवारणी काय करणार? आणि अप्पा? दिसली अळी की चिरड!

एके सकाळी अप्पांना अंगणातल्या कागदी लिंबाच्या पानावर काहीतरी दिसलं. काळं-पांढरं, ओलसर. "अगं ए, चिमणी शिटली बघ!" म्हणून पुसायला गेले — तर शीट चालायला लागली, आणि अप्पा दचकले तोवर पानाआड! हसू नका! पाखरांनी खाऊ नये म्हणून अळीचं हे सोंग. मोठ्यांनी तोंड वाकडं करावं म्हणून काही पोरं आंघोळ करत नाहीत, तसंच!

हीच अळी पुढं कात टाकत टाकत हिरवीगार, गुबगुबीत झाली. खाणं, खाणं आणि खाणं! अप्पांनी चिमटीत धरली, तर मानेतून फटकन दोन नारिंगी शिंगं बाहेर — आणि वास असा, की अप्पा उलटे हौदात!

भिजलेले अप्पा फवारणीचा पंप घेऊन आले. झाडापुढं उभ्या कोण? त्यांच्या मंडळी, पारूबाई!

"आधी माझ्यावर मारा!"

"अगं, झाड खाल्लं तिनं!"

"मग फुलपाखरं काय आठवडी बाजारातून येतात? एवढी एक राहू द्या. बघा तरी काय होतं."

आता बायकोवर कोण फवारणार? पंप गेला माळ्यावर.

पुढं एक दिवस अळीनं खाणंच सोडलं. रेशमाच्या दोऱ्यानं स्वतःला फांदीला बांधलं, कात टाकली, आणि झाला कोष. ना हाल, ना चाल. अप्पा हळहळले, "मेली वाटतं गं... फार शिव्या घातल्या मी तिला."

मेली कुठली! आत अळीचं वरण होत होतं, वरण! जुनं अंग विरघळत होतं, नवं घडत होतं. आणि बाहेर? अळ्या चिरडणारे अप्पा टोपीनं बुलबुल हाकलत पहाऱ्याला बसले होते!

मग एका सकाळी कोष तडकला. ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं. अप्पा पंख सरळ करायला धावले.

"हात लावाल तर याद राखा!" पारूबाई ओरडल्या. "तिचं तिला करू द्या!"

अप्पा खाली वाकून बघतात, तर वरून तांबूस थेंब, कोषात साठलेली घाण — थेट टोपीवर! पण हळूहळू पंखांत रस भरला, घड्या उलगडल्या... काळं-पिवळं फुलपाखरू! अप्पांनी हात जोडले. ते उडालं... झेंडूवरून गेलं... शेवंतीवरून गेलं... आणि गेलं कुंपणापलीकडं!

"अगं ए! खाल्लंस माझ्याकडं, आणि मिरवतेस त्याच्याकडं?"

पारूबाई हळूच म्हणाल्या, "अहो, लेकीची जात. आपण वाढवायचं, दुसऱ्याचं अंगण सजायचं."

अप्पांनी डोळे पुसले. आरडाओरडा ऐकून शिदूमामा बाहेर आला. "काय झालं, अप्पा?"

"काही नाही, शिदू. आमची पोरगी आलीय तुझ्याकडं. फुलांना जरा पाणी घालत जा बाबा!"

तेव्हा मंडळी, सुंदर झाल्यावर आपलं कोणीही म्हणेल. खादाड, कुरूप, वास मारत असताना पोटाशी धरील, तोच खरा भक्त! तुमच्याही घरी कोणी दिवसभर खातं नि लोळतं... आयाबाया हसल्या, म्हणजे आहे घरोघरी! जरा दम धरा. आणि तिशीतही पंख फुटले नाहीत, तर माझ्याकडं पाठवा — झांजा वाजवायला माणूस हवाय!

चला, हात जोडा. आणि निघताना त्या देवळामागच्या कढीपत्त्याला धक्का देऊ नका. लेकरं जेवताहेत!