शैलाची सायकल आणि माझा अर्ज

इथं जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. अशोक, तुला वेगळा, कारण बहीण तुझी गेली.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले होते. मी चौथी शिकलेली बाई. डोंगरावरच्या उद्यानाच्या दारात कणसं भाजते, मोसमात करवंदं विकते. भाषण माझं काम नाही. मग नातीला समोर बसवलं. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मध्येच ती म्हणाली, "आजी, असं बोलतात का शोकसभेत?" मी म्हटलं, तू लिही. तर अक्षर तिचं आहे, बोलणं माझं आहे. अडखळले तर थांबा. चष्मा जुना आहे.

आधी एक विचारते. हा हॉल कोणी ठरवला?

अठरा पायऱ्या चढून आले मी. लिफ्ट नाही. खालच्या हॉलमध्ये कोणाचा तरी साखरपुडा आहे म्हणे, म्हणून आपल्याला वरचा दिला. आता बघा. शैला आज जिवंत असती आणि सभा दुसऱ्या कोणाची असती, तर ती खाली रस्त्यावरच राहिली असती. जिच्यासाठी जमलो, तिलाच इथं येता आलं नसतं. तिचा फोटो तेवढा आला. फोटो उचलून आणता येतो. त्याला विचारावं लागत नाही.

नाही अशोक, तुला नाही बोलत. बस तू.

अशोकच्या कंपनीतली माणसं आलीत, त्यांनी शैलाला बघितलं नसेल, म्हणून सांगते. शैला आमच्या सातपूरच्या गल्लीत ब्लाऊज शिवायची. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, कंबरेखाली जोर नव्हता. तीनचाकी सायकल होती, हातानं चालवायची. गळ्यात कायम मापाची टेप. फिटिंग असं की नाव ठेवायला जागा नाही. मी जागा शोधली होती, सापडली नाही. तोंडानं तिखट. म्हणून माझं तिच्याशी जमायचं.

तिचं गाव त्या डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याला. लहान असताना बाप तिला पाठीवर घेऊन डोंगर चढायचा, गुरं चारायला. वर कड्याजवळ एका खडकावर तिला बसवायचा. तिथून तिला घराची कौलं दिसायची, विहीर दिसायची, विहिरीवर आई दिसायची. पुढं बाप गेला, अशोकला इकडं नोकरी लागली, घर सातपूरला आलं. त्या कड्याला आता रेलिंग आहे, बाकडी आहेत. पॉइंट म्हणतात त्याला. लोक येतात, भजी खातात, फोटो काढतात, जातात.

शैलाला एकदा त्या पॉइंटवर जायचं होतं. एवढंच. हिमालय मागितला नव्हता तिनं.

मी म्हणायचे, "काय दिसणार हाय गं तुला? घर पडलं, विहीर बुजवली. प्लॉट पाडलेत तिथं."

"प्लॉट तर प्लॉट, मावशी. बापाच्या पाठीवरून बघितलंय. आता माझ्या चाकावरून बघायचंय."

उद्यानाच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथून पुढं पॉइंटपर्यंत पायऱ्या. लोक काय म्हणायचे? उचलून नेऊ की. हे आपलं लय सोपं आहे. माणूस दिसला पायरीपाशी अडलेला, की चार जण धावतात. विचारत कोणी नाही. आणि तो नको म्हणाला, तर त्यालाच माज आला म्हणतात.

एकदा उचललंही होतं. आपल्याच मंडळाच्या पोरांनी, स्वातंत्र्यदिनाला. तुमच्यातले दोघं-तिघं इथं बसलेत, माना खाली घालू नका, ऐका. सायकलसकट उचलली. अर्ध्या वाटेवर टप्पा आहे, तिथं टेकवली दम खायला. तेवढ्यात खाली चहा आला. गेले सगळे चहाला. मग वडापाव आला. मग पाहुणे आले. दीड तास ती बाई त्या टप्प्यावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. पुढं पायऱ्या, मागं पायऱ्या. मला खालून दिसत होतं आणि माझे गुडघे वर जाण्यासारखे नव्हते. पोरं परत आली ती तिला खाली आणायला, कारण ऊन वाढलं होतं. पेपरात फोटो आला. शैला दिसत नव्हती, पोरांच्या टोप्या दिसत होत्या.

त्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, मी गोणी नाय. आजपासून मला कोणी उचलायचं नाय."

आणि अर्ज करायला बसली. किती वर्षं केले ते तिलाच माहीत. रॅम्प पाहिजे, एवढी एकच मागणी. स्वतःच्या हातानं लिहायची, सायकलचं माप घालून. रुंदी एकतीस इंच. शिंपीण ती, मापाशिवाय बोलायची नाही. उत्तर यायचं की विषय विचाराधीन आहे. मी विचारायचे, म्हणजे काय गं? ती म्हणायची, "म्हणजे साहेब बदलले."

शेवटी रॅम्प झाला. खरंच झाला. वळणावळणानं वर गेलेला, बाजूला पाईप, चांगलं काम. उद्घाटनाला तिला बोलावलं होतं, ती गेली नाही. म्हणाली, "त्या गर्दीत परत कोणीतरी उचलंल मला. लग्नसराईचं शिवण उरकते आणि निवांत एकटी जाते."

आता पुढचं सांगते. हे इथं कोणाला माहीत नाही. अशोकला माहीत आहे.

रॅम्प झाला आणि चार दिवसांत त्यावरून मोटारसायकली वर जायला लागल्या. पायी कोण चालतंय, गाडी पॉइंटपर्यंत जातेय ना. त्यामागून गुरं. मी रॅम्पच्या तोंडाशीच बसते. एका गाडीनं माझी टोपली उडवली. दुसऱ्या दिवशी गाईनं कणसं खाल्ली. मी पेटले. नातीकडून अर्ज लिहून घेतला, आजूबाजूच्या विक्रेत्यांच्या सह्या घेतल्या, सगळ्यात वर माझी सही केली, आणि उद्यानाच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. ओरडले. मला ओरडता येतं, तुम्हाला माहीत आहे. म्हटलं, रॅम्पच्या तोंडाला उभ्या लोखंडी दांड्या ठोका. गाडी जाणार नाही, गाय जाणार नाही, अशा.

पंधरा दिवसांत दांड्या लागल्या.

शैलाचे अर्ज वर्षानुवर्षं फिरले. माझा एकच अर्ज, पंधरा दिवस. का? कारण अडवायला काही लागत नाही. वेल्डिंगवाला लागतो आणि एक दुपार.

आणि खरं सांगते. अर्ज लिहिताना माझ्या डोक्यात मोटारसायकल आली, गाय आली, टोपली आली. शैला आली नाही. समोर बसून रोज जिच्या गप्पा ऐकल्या, ज्या रॅम्पसाठी तिनं बोटं झिजवली, तो रॅम्प मी बंद करून घेतला आणि मला ती आठवलीसुद्धा नाही. दांड्या लागल्या तेव्हा मी त्या वेल्डिंगवाल्याला कणीस खायला दिलं.

मग एका मंगळवारी ती आली. मुद्दाम मंगळवार, गर्दी नसते म्हणून. ओळखीच्या टेम्पोनं सायकलसकट दारात सोडलं. नवा ब्लाऊज घातला होता. मला लांबूनच म्हणाली, "मावशी, कणीस तयार ठेव. वरून येते आणि खाते."

आणि दांड्यांपुढं थांबली.

गळ्यातली टेप काढली. दोन दांड्यांमधली जागा मोजली. मग परत मोजली, दुसऱ्या दोन दांड्यांमधली. बावीस इंच. म्हणाली, "मावशी, नऊ इंच कमी पडले. कापड असतं तर उसवून सोडलं असतं." मग माझ्याकडं वळून विचारलं, "कोणी लावलं गं हे?"

मी म्हटलं, "सरकारनं."

आणि कणीस फिरवलं.

दोन पोरं आली. चांगली होती. "ताई, उचलून पलीकडं ठेवू का?" ती म्हणाली, "ठेवाल रे. परत अलीकडं यायला कोणाला हुडकू?" पोरं गेली. टेम्पो चारला येणार होता. तोवर ती माझ्याजवळ बसून राहिली, रॅम्पकडं पाठ करून. कणीस खाल्लं. मीठ जास्त झालंय म्हणाली. बाकी काही बोलली नाही.

परत अर्ज केला तिनं. त्यावर त्यांनी एक दांडी उघडता येईल अशी केली, तिला कुलूप घातलं. चावी ऑफिसात, ऑफिस शहरात. ती म्हणाली, "म्हणजे डोंगरावर जायला मी आधी डोंगर सोडून दुसरीकडं जायचं." मला हसू आलं होतं तेव्हा. आता येत नाही.

मग थंडी पडली. तिच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात आठ दिवस. मी गेले होते बघायला. खरं म्हणजे सांगायला गेले होते. ती दांडी माझी आहे, हे सांगायला. स्टुलावर बसले. ती म्हणाली, "तुझा ब्लाऊज अर्धा राहिलाय गं मावशी. एक बाही लावायची हाय." मी म्हटलं, राहू दे बाही. आणि उठून आले. एवढी माझी जीभ. गल्लीत कोणाला सोडलं नाही हिनं. ते एक वाक्य तेवढं निघालं नाही.

दहाव्याला अशोकनं मला माझा ब्लाऊज आणून दिला. आणि तिच्या अर्जांची फाईल, म्हणाला, मावशी, तुम्ही बघा एकदा. नातीनं वाचून दाखवली. शेवटचा कागद ऑफिसाचं उत्तर. त्यात लिहिलंय, दांड्या स्थानिक विक्रेत्यांच्या मागणीवरून बसवल्या. सोबत अर्जाची नक्कल जोडलेली. सगळ्यात वर माझी सही. वाकडी, माझीच.

म्हणजे तिला माहीत होतं. त्या उत्तरावरची तारीख दवाखान्यात जायच्या आधी दोन महिन्यांची. दोन महिने ती मला रोज मावशी म्हणत होती आणि माझा ब्लाऊज शिवत होती.

तुम्ही म्हणाल, मन मोठं होतं तिचं. म्हणू नका. तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. मला वाटतं, तिनं हिशोब सोडला होता. साहेब असो की मावशी, कोणाला काही विचारून काही होत नाही, असं झालं होतं तिचं. तिखट बाई बोलायची थांबली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

परवा मी ऑफिसात गेले. साहेब, तुम्ही पुढं बसलाय, तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं, माझा अर्ज परत द्या, दांड्या काढा. तुम्ही चांगले बोललात, खुर्ची दिलीत. म्हणालात, "आजी, तुमच्या अर्जावरचं काम पूर्ण झालंय. पूर्ण झालेलं काम मागं घेता येत नाही." मग मी बाकीच्या विक्रेत्यांकडं गेले, नव्या अर्जावर सह्या मागायला. एकानंही दिली नाही. म्हणाले, "आजी, गाड्या परत येतील. आणि आता कोणासाठी? ती तर गेली."

आजच सकाळी एक बाई आली होती मुलीला घेऊन. खुर्चीतली मुलगी, बारा-तेरा वर्षांची. दांड्यांपाशी थांबल्या, माझ्याकडं कणीस घेतलं, परत गेल्या. मुलीनं विचारलंसुद्धा नाही कोणी लावलं म्हणून.

तर रॅम्पला शैलाचं नाव द्यायचा ठराव आज इथं मांडणार आहेत, असं ऐकलं. पाटीही तयार आहे म्हणे. माझं एवढंच म्हणणं आहे, ती पाटी लावू नका. जिथून तिला आत जाता आलं नाही, त्या दाराला तिचं नाव कशाला? लावायचंच असेल तर माझं लावा. अर्ज माझा मंजूर झालाय.

दांड्या निघतील असं मला वाटत नाही. मी वाट बघत नाही, तुम्हीही बघू नका, उगाच बरं वाटून घेऊ नका.

आता शेवटचं. दोन मिनिटं शांत राहायचं असतं. पण उभं राहायचं नाही. मागं आपल्या गल्लीत मांडव घालून अशीच एक सभा झाली होती, तेव्हा सगळे उभे राहिले आणि शैला बसलेली. नंतर मला म्हणाली, "मावशी, सगळे मेलेल्याला आठवत असतात. मला नुसते लोकांचे कंबरपट्टे दिसतात."

म्हणून आज बसायचं. जे उठलेत त्यांनी खाली बसा. साहेब, तुम्ही पण. फोटो टेबलावरून खाली घे अशोक, आपल्या डोळ्यांच्या उंचीला आण. हं, तिथं.

मी पण बसते. आता कोणी काही बोलू नका.