चालत्या माणसाचं जेवण

(सांगलीतल्या एका कॉलेजची प्रयोगशाळा. उत्कर्षा इथं संशोधन करते. वडूजहून आलेली तिची आई, सुलाबाई, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. वडील धुळा, म्हणजे आबा, गावीच.)

सुलाबाई : आन् ह्ये लाल ठिपकं कसलं गं?

उत्कर्षा : चरबी, आये. माणसाच्या लिव्हरच्या पेशी आहेत या, बशीत वाढवलेल्या. चरबी दिसावी म्हणून लाल रंग घातलाय. आबांच्या लिव्हरमध्ये हेच झालंय.

सुलाबाई : मग ह्यास्नीबी दारू पाजली आसशील.

उत्कर्षा : एक थेंब नाही! नुसती चरबी खायला घातली, सोसेल त्याहून जास्त. दोन दिवसांत अशा भरल्या. आता ही दुसरी बशी बघ. हिला जादा काही दिलं नाही.

सुलाबाई : हितं लाल तुरळकच हाय की.

उत्कर्षा : हेच बघायला तुला आणलं. तीन महिने आबा सांगतायत, मी प्यायलो नाही. तू त्यांना देवाच्या भंडाऱ्याला हात लावू देत नाहीस.

सुलाबाई : डाक्टर लिव्हर म्हणला की मला आमचा अर्जुना दिसतोय. पाठचा भाऊ माजा. त्योबी शपथा घ्यायचा, आन् दारूनंच गेला.

उत्कर्षा : मामा प्यायचा, आये. आबा नाही.

सुलाबाई : थांब जरा. जत्रंचं बोकड दाव्याला बांधून चारलं, की त्येचं काळीज पांढुरकं, चरबट निघतंय. रानात हिंडल्यालं आसलं, तर लालबुंद.

उत्कर्षा : तसंच हे.

सुलाबाई : आन् बोकड काय दारू पितंय व्हय! मेंढरं इकल्यापास्नं ह्ये कट्ट्यावर बसून. मी मातुर ताट वाढतीया रोज दहा कोस चालणाऱ्या माणसाचं. तूप, गूळ, चारदा च्या. गप खायाचं बिचारं.

उत्कर्षा : डॉक्टरांनी सांगितल्यावरही का खायचे माहितीये? तू बोलणं टाकलंस. 'आनी घेता का' एवढंच विचारायचीस. ते ऐकायला मिळावं म्हणून घ्यायचे. मला म्हणाले तसं.

सुलाबाई : त्यास्नी फोन लाव.

उत्कर्षा : लागला. स्पीकरवर आहे, बोल.

धुळा (फोनवर) : कोन, उत्कर्षा?

सुलाबाई : मी हाय. जेवलासा?

धुळा : न्हाई आजून.

सुलाबाई : आदी देवाला भंडारा वाहा.

धुळा : मी?

सुलाबाई : तुमीच. माजं चुकलं, आवं. आन् आजपास्नं तूप बेतानं. उद्या मी आले की माळापतुर चालायला जायाचं.

धुळा : मेंढरं न्हाईत आता, सुले. कुनामागं चालू?

सुलाबाई : माज्यामागं.